ह्यूस्टनमधली गोठवणारी थंडी, बंदिस्त घर आणि गावाकडची शेगडी

ह्यूस्टनच्या पश्चिमेला असलेल्या केटी या उपनगरातून एका वाचक भगिनींनी पाठवलेल्या पत्राचा हा सारांश.

"पुण्याहून येथे येऊन आम्हाला काही वर्षे झाली. घरात मी, माझे यजमान आणि सहा वर्षांची मुलगी. सासू-सासरे साताऱ्याहून ऑक्टोबरमध्ये येतात ते मार्चपर्यंत राहतात. सासरे ७४ वर्षांचे असून वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्या इन्सुलिन घेतात. यजमान कामासाठी आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी असतात. जानेवारी २०२५ मध्ये येथे बर्फ पडला तेव्हा मुलगी आनंदाने नाचत होती आणि मागच्या अंगणातला नळ फुटून पाणी वाहत होते. ते कुठून बंद करायचे हे मला ठाऊक नव्हते. शेवटी शेजारी धावून आले. २०२१ च्या हिमवादळात वीज गेल्यावर येथे काय झाले ते त्यांच्याकडून ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. यजमानांनी जनरेटर आणला आहे आणि गॅरेजचे दार अर्धे उघडे ठेवून तो तेथेच चालवायचा त्यांचा विचार आहे. सासरे म्हणतात, एवढ्या खर्चाची गरजच काय, कोळशाची शेगडी पेटवू, आमचे हिवाळे तशातच गेले. मी काही बोलले की 'तू उगाच घाबरतेस' असे ऐकावे लागते. तसे पुन्हा घडेल का, तयारी कशी करावी, आणि घरात वाईटपणा न घेता हे सगळे कसे पटवून द्यावे? सासूबाईंना त्यांच्या कढीपत्त्याची आणि तुळशीची काळजी आहे, ती वेगळीच."

सप्रेम नमस्कार.

तुम्ही उगाच घाबरत नाही, हे सर्वप्रथम सांगते. पत्रात तुम्ही पाण्याच्या पाइपांविषयी सर्वांत अधिक लिहिले आहे. मला मात्र त्यापेक्षा कितीतरी अधिक काळजी वाटली ती गॅरेजमधल्या जनरेटरची आणि शेगडीची. फुटलेला पाइप महिन्याभरात दुरुस्त होतो, गेलेला जीव परत येत नाही. तेव्हा उत्तराची सुरुवात जनरेटर आणि शेगडीपासूनच करते, आणि बाकीचे काही जमले नाही तरी एवढे मात्र या आठवड्यातच कराच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जनरेटर असो की शेगडी, इंधन जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणूस बसल्या जागी किंवा झोपेतच बेशुद्ध होतो. गॅरेजचे दार अर्धेच काय, पूर्ण उघडे ठेवले तरी हा वायू गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराच्या फटीतून आणि पोटमाळ्यातून आत शिरतो. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर, त्याचा धूर दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला जाईल अशा रीतीने ठेवावा लागतो. गॅरेज, पडवी किंवा छपराखालचा पाटिओ यांपैकी कोणतीही जागा चालत नाही. थंडी वाजते म्हणून गॅरेजमध्ये मोटार सुरू करून तिच्यात बसणे किंवा फोन चार्ज करणे हाही तोच प्रकार आहे. मोटार आधी उघड्यावर काढावी आणि मगच सुरू करावी.

सासऱ्यांचा अनुभव खोटा नाही, आणि त्यांच्याशी बोलताना ही गोष्ट आधी मान्य करावी. साताऱ्याकडच्या कौलारू घरात शेगडीभोवती बसून त्यांनी हिवाळे काढले असतील, कारण त्या घराला कौलांच्या सांध्यांतून, दारांच्या फटींतून आणि धुराड्यातून सतत वारा मिळत असे. तुमचे केटीचे घर उन्हाळ्यातला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंदिस्त केलेले आहे. तेथे शेगडीचा वायू जाणार कुठे? फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात असंख्य कुटुंबांनी नाइलाजाने कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या, मोटारी गॅरेजमध्ये चालू ठेवल्या, जनरेटर दारात लावले. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या वादळाशी संबंधित २४६ मृत्यू नोंदवले, त्यांपैकी १९ या वायूने झाले. विषबाधेने रुग्णालयात पोहोचलेले लोक त्याहून कितीतरी अधिक होते.

आता एक गोष्ट बारकाईने सांगते, कारण आपल्या घरांत ती हमखास नजरेतून सुटते. या विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे आणि गळून गेल्यासारखे वाटणे. असे झाले की आपल्याकडचे वडीलधारे लोक "पित्त झाले असेल" म्हणतात, आले-लिंबाचा रस घेतात आणि पांघरूण ओढून पडून राहतात. थंडीच्या दिवसांत घरात काहीही जळत असताना एकाच वेळी दोघांचे डोके दुखू लागले, तर पित्ताचा विचारही मनात आणू नका. सर्वांना घेऊन तत्काळ बाहेर पडा आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवा. तो कोणत्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. धुराचा अलार्म म्हणून छताला बसवलेले यंत्र हा वायू ओळखेलच असे नाही, म्हणून त्यावर काय लिहिले आहे ते वाचून पाहा.

जनरेटरविषयी आणखी एक गोष्ट सासऱ्यांकडूनच तुमच्या यजमानांना सांगितली जावी, असे मला वाटते. जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचून घरभर वीज खेळवण्याची युक्ती येथेही काही जण करतात. ती वीज उलटी बाहेरच्या तारांवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. वीज मंडळात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे गांभीर्य तुम्ही-आम्ही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फ्रिज, दिवे, फोन यांच्यासाठी बाहेर वापरण्याच्या जाड वायरींनी थेट जनरेटरवरून वीज घ्यावी, किंवा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा बदल-स्विच (ट्रान्सफर स्विच) बसवून घ्यावा.

हे सगळे पुन्हा घडेल का, असेही तुम्ही विचारता. त्यासाठी २०२१ मध्ये नेमके काय घडले ते समजून घेतलेले बरे, आणि तुमच्या घरात ते समजून घेण्यास सर्वांत उत्सुक माणूस सासरेच असतील. टेक्सासच्या बहुतांश भागाची वीजजाळी अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम जाळ्यांपासून वेगळी आहे आणि तिचे नियंत्रण अर्कॉट ही संस्था करते. भारतातल्या सर्व प्रादेशिक जाळ्या २०१३ च्या अखेरीस एकमेकींशी जोडल्या गेल्या, त्यामुळे महाराष्ट्रात तुटवडा पडला तर दुसऱ्या प्रदेशातून वीज आणता येते. टेक्सासला शेजाऱ्यांकडून तशी मोठ्या प्रमाणावर वीज घेण्याची सोय नाही. १५ फेब्रुवारीच्या पहाटे थंडीने वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडू लागली, बऱ्याच केंद्रांना इंधन म्हणून लागणाऱ्या नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि नळ गोठले, वायूचा दाब राखणाऱ्या काही पंपांची वीज तोडली गेल्याने वायू आणखी घटला, आणि त्याच वेळी घराघरांतले हीटर कधी नव्हे एवढी वीज ओढत होते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की विजेची वारंवारिता घसरते; एरवी ६० हर्ट्झ असणारी ही वारंवारिता चार मिनिटांहून अधिक काळ ५९.४ च्या खाली राहिली. ती तशीच नऊ मिनिटे राहिली असती, तर आणखी केंद्रे आपोआप बाहेर पडून सारी जाळी कोसळण्याचा धोका होता. जुलै २०१२ मध्ये उत्तर भारत अंधारात गेला होता तो प्रसंग सासऱ्यांना नक्की आठवत असेल. ते टाळण्यासाठी येथे भारनियमन सुरू झाले, पण तुटवडा एवढा मोठा होता की रुग्णालये वगैरे असलेल्या वाहिन्या वगळल्यावर पाळीपाळीने फिरवण्यास वीजच उरली नाही, आणि ज्यांची वीज गेली त्यांची दोन-दोन, तीन-तीन दिवस आलीच नाही. पंचेचाळीस लाखांहून अधिक घरे आणि आस्थापने अंधारात गेली. १६ तारखेला ह्यूस्टनच्या विमानतळावर पारा १३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १० सेल्सियसच्याही खाली, उतरला होता, आणि डॅलसला उणे २ फॅरनहाइटवर.

मला चीड येते ती याची की हे अनपेक्षित नव्हते. फेब्रुवारी २०११ च्या थंडीतही टेक्सासात अशीच केंद्रे बंद पडली होती आणि यंत्रणांचे थंडीपासून संरक्षण करा, अशी शिफारस केंद्रीय चौकशीने केली होती. एल पासो शहर अर्कॉटच्या जाळीत नाही आणि तेथे त्या धड्यानंतर खर्च केला गेला; २०२१ मध्ये ते शहर बऱ्यापैकी निभावून गेले. जून २०२१ मध्ये टेक्सासने कायदा करून वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली आणि परिस्थिती खरोखरच सुधारली आहे. तरीही तुम्ही त्यावर पूर्ण विसंबू नये, कारण जाळी शाबूत असली तरी तारा तुटतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्टिनमध्ये पाऊस फांद्यांवर गोठत गेला, त्या भाराने झाडे तारांवर कोसळली आणि लाखो लोक कित्येक दिवस विजेविना राहिले. तुमच्याकडे जुलै २०२४ च्या बेरिल चक्रीवादळाने तर ऐन उन्हाळ्यात तेच केले. म्हणून वीज तीन-चार दिवस नसेल असे गृहीत धरून तयारी करावी. ती वादळातही उपयोगी पडते.

वीज गेल्यावर सगळे घर उबदार ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि एक खोली निवडावी. ती लहान असावी, शक्यतो दक्षिणेकडची, मोठी काच नसलेली आणि न्हाणीघराला लागून असावी, म्हणजे सासूबाईंना रात्री थंड बोळातून जावे लागणार नाही. गाद्या तेथेच जमिनीवर घालाव्या, खाली सतरंज्या आणि जाड पुठ्ठे, दाराच्या फटीला गुंडाळलेले टॉवेल, खिडकीला रजई. पाचही जणांनी एकत्र झोपावे. दिवसा ऊन आले तर पडदे उघडावे आणि ऊन कलताच लगेच ओढावे. कपड्यांच्या बाबतीत एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर अधिक ऊब धरतात. सासूबाई साडीच नेसत असतील तर आतून लोकरी थर्मल आणि लोकरी पायमोजे घालण्यास त्यांना आग्रह करावा, वर शाल आणि कानटोपी. कानटोपी घालायला मुलगी खळखळ करेल. आजीने आणि नातीने एकदम घातली तर ती घालेल.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक धोका डोळ्यांत तेल घालून सांभाळावा. उतारवयात थंडीची जाणीवच मंदावते. "मला काही थंडी वाजत नाही" असे आजोबा म्हणतात तेव्हा ते खरेच सांगत असतात, पण शरीर आतून गार होत असते. त्या २४६ मृत्यूंपैकी जवळजवळ दोनतृतीयांश थेट थंडीने झाले आणि त्यांतले अनेक जण आपापल्या घरात होते. बोलणे अडखळू लागले, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, बटण लावता येईना, सारखी झोप येऊ लागली, किंवा आधी जाणवणारी थरथर थांबली आणि तरी अंग गारच आहे, तर तापमान मोजावे. ते ९५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर तत्काळ ९११. मदत येईपर्यंत ओले कपडे बदलून छाती, मान आणि डोके आधी ऊबदार करावे; हातपाय जोरजोराने चोळू नयेत. पूर्ण शुद्धीवर असतील तर गरम पेय द्यावे.

मधुमेह असल्यामुळे सासूबाईंच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. गरम पाण्याची पिशवी थेट पायाला लावली तर भाजलेले त्यांना कळणार नाही. ती टॉवेलात गुंडाळून पांघरुणात आधी ठेवावी आणि त्या झोपण्यापूर्वी काढून घ्यावी. इन्सुलिन एकदा गोठले की निकामी होते, मग ते पुन्हा वितळून कितीही स्वच्छ दिसले तरी वापरायचे नसते, म्हणून ते मोटारीत किंवा गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. बंद फ्रिजमधला गारवा न उघडता सुमारे चार तास टिकतो. त्यानंतर ते तुम्ही बसलेल्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवावे. वापरात असलेली कुपी किंवा पेन बाहेर किती दिवस चालते हे औषधानुसार बदलते, तेवढे औषधविक्रेत्याला आजच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. दोघांचीही औषधे किमान दहा दिवसांची शिल्लक असावीत. घरात विजेवर चालणारे एखादे वैद्यकीय उपकरण असेल, तर डॉक्टरांच्या सहीने वीज कंपनीकडे तशी नोंद करता येते. त्यामुळे वीज जाणारच नाही अशी हमी मिळत नाही, पण निदान पूर्वसूचनेच्या यादीत नाव येते.

अवघड वाटले तरी सासूबाईंशी आणखी दोन गोष्टी बोलाव्याच लागतील. गरम पाणी नसताना पहाटे आंघोळ केल्याशिवाय देवपूजा नाही, हा नेम त्या दोन-तीन दिवसांपुरता बाजूला ठेवावा, हातपाय-तोंड धुऊन पूजा करावी. हे तुम्ही सांगण्यापेक्षा साताऱ्याहून त्यांच्या एखाद्या वडीलधाऱ्या नणंदेने किंवा जावेने फोनवर सांगितलेले त्यांना अधिक रुचेल. दुसरी गोष्ट समईची. ज्या खोलीत रजया, पडदे आणि गाद्या दाटीने पसरलेल्या आहेत तेथे उघडी ज्योत नको. बॅटरीचा दिवा लावावा. घर तापवण्यासाठी गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवण्याचा मोहही टाळावा. स्वयंपाकापुरती गॅसची शेगडी वापरण्यास हरकत नाही. वीज नसताना ती काडीने पेटवता येते, फक्त खिडकी थोडी उघडी असू द्या. शेगडी विजेची असेल तर मात्र वादळाच्या आदल्या दिवशी दशम्या, ठेपले, मेतकूट, डिंकाचे लाडू, भाजलेले दाणे असे टिकाऊ काहीतरी करून ठेवावे आणि मोठ्या थर्मासमध्ये उकळते पाणी भरून घ्यावे.

आता पाइपांकडे वळते. उत्तरेकडच्या राज्यांत पाइप घराच्या आतल्या बाजूने किंवा जमिनीत खोल नेलेले असतात. टेक्सासात ते अनेकदा पोटमाळ्यातून आणि बाहेरच्या भिंतींतून जातात, कारण बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाळा असतो. पाणी गोठताना फुगते, बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तडकतो. बर्फ वितळेपर्यंत पाणी बाहेर येत नाही, त्यामुळे ऊन पडल्यावर सगळे सुटकेचा निःश्वास टाकत असतानाच छतातून धार लागते.

पाणी बंद करण्याची मुख्य तोटी तुमच्या घरात कुठे आहे ते येत्या शनिवारी शोधा. ती बहुधा घराच्या बाहेरच्या भिंतीवर अंगणातल्या नळाजवळ, गॅरेजमध्ये, किंवा रस्त्याकडेच्या मीटरच्या पेटीत असते. मीटरच्या पेटीतली तोटी फिरवण्यासाठी टी आकाराची लांब किल्ली लागते; ती हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. किल्ली आणून एकदा पाणी बंद करून पाहा, कारण वर्षानुवर्षे न फिरवलेली तोटी ऐन वेळी अडते. हे काम सासऱ्यांकडे सोपवावे, असे मी मनापासून सुचवते. या देशात मुलाच्या घरी आल्यावर त्यांच्या हातात कोणतेच काम उरलेले नसते, आणि शेगडीच्या आग्रहामागे आपणही घराच्या उपयोगी पडावे ही इच्छा असण्याची शक्यता आहे. पाण्याची तोटी, ब्रेकरची पेटी, अलार्मची बॅटरी आणि खोलीतला तापमापक ही चारही कामे त्यांची. यजमान बाहेरगावी असताना घरात या कामांचा एक जाणता माणूस असेल, तुमच्यावरचा भार हलका होईल आणि शेगडीचा विषय वाद न घालता मिटेल. तोटीचे ठिकाण, ९११, तुमच्या घराचा इंग्रजीतला पूर्ण पत्ता आणि शेजाऱ्यांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर लावा. फोनवर घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

कडाक्याची थंडी येणार असल्याची सूचना मिळाली की बागेतल्या नळांची रबरी नळी काढून नळांवर फोमच्या टोप्या बसवाव्या. तुमचा नळ फुटला तो बहुधा नळी तशीच राहिल्याने. सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावी म्हणजे खोलीतली ऊब पाइपांपर्यंत पोहोचते. घरातले बाहेरच्या भिंतीलगतचे नळ, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी, थेंब थेंब चालू ठेवावे. मात्र २०२१ मध्ये सर्वांनीच नळ सोडल्याने शहराच्या पाण्याचा दाब खालावला होता आणि नळ सोडू नका, अशी विनंती ह्यूस्टनच्या प्रशासनाला करावी लागली होती. तशी सूचना आली, किंवा वीज जाऊन घर आतून गार पडू लागले, तर मुख्य तोटी बंद करावी, घरातले सगळे नळ उघडून पाइप रिकामे करावे आणि वॉटर हीटरही बंद करावा. त्याआधी बाथटब भरून घ्यावा, संडाससाठी तेच पाणी उपयोगी पडते. पिण्यासाठी माणशी दिवसाला एक गॅलन धरा. पाच माणसांना आठवड्याचे ३५ गॅलन होतात. दुकाने रिकामी होण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबर लागतानाच ते आणून ठेवावे. २०२१ मध्ये ह्यूस्टनला १७ ते २१ फेब्रुवारी नळाचे पाणी उकळून पिण्याचा आदेश होता, आणि ज्यांच्याकडे वीज नव्हती ते उकळणार कशावर? पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवायचे असते.

इतके करूनही पाइप फुटला तर आधी तोटी, मग त्या भागाचा ब्रेकर. छत फुगून खाली आले असेल तर त्याखाली कोणी उभे राहू नये. काहीही हलवण्यापूर्वी सगळीकडची छायाचित्रे घ्यावी, कारण विम्याच्या दाव्याला ती लागतात. गोठलेला पाइप आगीने कधीही तापवू नये.

घर सोडण्याचा निर्णय आधीच, शांत डोक्याने घ्यावा. रस्त्यांवर काळा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, बर्फ धरल्यावर दोन वृद्ध आणि लहान मूल घेऊन निघण्यात अर्थ नाही. पूल आणि उड्डाणपूल सर्वांत आधी गोठतात. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी फोर्ट वर्थच्या महामार्गावर अशाच न दिसणाऱ्या बर्फावर शंभरांहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा जणांचा जीव गेला. म्हणून तुम्हा दोघांत असा करार व्हावा: दीर्घ थंडीचा इशारा आला आणि यजमान त्या दिवसांत बाहेरगावी असणार असतील, तर त्यांनी दौरा पुढे ढकलावा. ते शक्यच नसेल तर तुम्ही सर्वांनी आदल्या दिवशी, उजेडी, जनरेटर योग्य रीतीने बसवलेल्या एखाद्या मित्राच्या घरी जावे. ह्यूस्टनमध्ये मराठी कुटुंबे भरपूर आहेत. दोन-तीन कुटुंबांनी हे आपापसांत आत्ताच ठरवून ठेवावे. घरी राहिलात आणि खोलीतले तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली उतरू लागले, तर रस्ते खुले असल्यास ऊबकेंद्राची, म्हणजे थंडीत लोकांना आसरा देणाऱ्या जागेची, चौकशी २११ या क्रमांकावर करावी. यजमानांना हे पटवताना २०२१ च्या भीतिदायक कथा सांगू नका. कागदावर दोनच प्रश्न लिहून त्यांच्यापुढे ठेवा: तुम्ही डेन्व्हरला आणि येथे वीज गेली, तर जनरेटर अंगणात ओढत नेणार कोण, आणि आईचे इन्सुलिन कुठे ठेवायचे? दौऱ्याचे शहर कोणतेही असो, उत्तर त्यांनाच शोधू द्या.

कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी पारा ४० फॅरनहाइटच्या खाली जाणार असे दिसताच घरात घ्यावी. तुळस तर दंवाच्या एका रात्रीतच काळी पडते. कढीपत्ता जमिनीत लावलेला असेल तर बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि वरून जमिनीपर्यंत पोहोचेल अशी जुनी चादर घालावी. प्लॅस्टिक पानांना चिकटून ती जाळते. वरचा भाग जळाल्यासारखा दिसला तरी सासूबाईंनी तो लगेच छाटू नये, मार्चअखेर बुंध्यातून फूट येते का पाहावे.

तुमचा हीटर गॅसवर आहे की विजेवर, हे पत्रातून कळले नाही. गॅसचा असला तरी त्याचा पंखा विजेवरच फिरतो, त्यामुळे वीज गेली की तोही बंद पडेल. दिवाणखान्यात गॅसची फायरप्लेस असेल तर धुराडे उघडून, अलार्म जवळ ठेवून ती वापरता येते आणि मग ऊबेसाठी निवडायची खोली बदलते. हीटर, फायरप्लेस आणि स्वयंपाकाची शेगडी हे तिन्ही कशावर चालतात ते मला कळवा, म्हणजे तुमच्या घराला नेमके काय लागू पडेल ते पुढच्या पत्रात लिहिता येईल. अलार्म मात्र त्या उत्तराची वाट न पाहता आणा.